प्रबंधांतील पाखरे

परभणीस १९७२ साली कृषि विद्यापीठ स्थापन झाल्यापासून तेथे जीवसृष्टीवर पदव्युत्तर प्रबंध होत आले आहेत. परंतु असे प्रबंध, येथले काय वा अन्यत्रचे काय, बहुधा इंग्रजीत असतात. ज्या गुराख्याने घरटे दाखविले, त्याच्या तोंडचे पाखराचे नाव त्यांत क्वचितच उतरते. लॅटिन नाव हवेच. त्यावाचून जगाशी व्यवहार नाही. तथापि तेवढ्यावरच थांबणारे संशोधन आम्हांस अपुरे वाटते. वनाधिकारी कै. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’त लोकांतील नावे शास्त्रीय नावांशेजारी बसविली, तेणेकरून शास्त्र उणावले नाही. माळावरचे काळवीट अखेर राखावयाचे ते खेडुतानेच. मग त्याविषयीचे ज्ञान त्याच्यापासूनच दूर का असावे? प्रत्येक प्रबंधास मराठी सारांश व स्थानिक नामसूची जोडावी, एवढेच आमचे म्हणणे.