रॉस यांच्या आत्मवृत्तातील अनामिक साहाय्यक

सर रोनाल्ड रॉस यांचे आत्मवृत्त १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी हिवतापाचा परजीवी डासाच्या जठरभित्तीत प्रथम दिसला, त्या घटनेस तेव्हा २६ वर्षे लोटली होती. परंतु शोधाच्या अग्रमानावरून इटलीतील ग्रास्सी यांच्याशी जडलेला वाद लेखकाच्या मनात शमलेला नव्हता. त्यामुळे ग्रंथातील ही प्रकरणे साक्षीपुराव्याच्या थाटाची झाली आहेत. कोणत्या तारखेस किती डास चावविले, कोणता डास कितव्या दिवशी चिरला, हे सारे त्यांत नोंदलेले आहे. मात्र १६ ऑगस्टच्या वृत्तांतात एक जागा रिकामी राहते. शरीराचा मागील भाग भिंतीपासून उचलून बसलेला एक लहान डास रुग्णालयातील हॉस्पिटल असिस्टंटने रॉस यांना दाखविला. या मनुष्याचे नाव आपण विसरलो, अशी खंत रॉस ओघातच व्यक्त करून पुढे जातात.

याउलट हुसेन खान हे नाव टिकले. त्याच्या रक्तात हिवतापाचे परजीवी होते, म्हणून त्याला डास चावविण्यात आले; दर डासामागे एक आणा, याप्रमाणे दहा डासांचे दहा आणे त्याला मिळाले. तो प्रयोगाचा विषय होता, आणि विषयाची नोंद ठेवावीच लागते. दाखविणारा मात्र विषयही नव्हता आणि कर्ताही मानला गेला नाही. रॉस यांच्यावर कृतघ्नतेचा आरोप करणे सोपे आहे. पण खंत नोंदविली नसती तर ही रिकामी जागा वाचकास दिसलीही नसती, हेही ध्यानात घ्यावे लागते.

अशा सर्वांना ‘स्वयंसेवक’ या एकाच शब्दात बसविण्याची प्रथा अर्थदृष्ट्या सदोष आहे. मराठीत या शब्दास विनामोबदला सेवेचा आणि स्वेच्छेचा अर्थ चिकटलेला आहे. हुसेन खानाने मोबदला घेऊन आपले दूषित रक्त डासांना दिले. त्यात त्याला नवा धोका फारसा नव्हता. लछमन या डोलीवाल्याची गोष्ट निराळी. १८९५ साली त्याला डास मरून पडलेले पाणी पाजण्यात आले, कारण रोग पाण्यावाटे पसरतो अशी तेव्हा रॉस यांची समजूत होती. निरोगी असताना त्याने रोग पत्करला, आणि त्याला तापही आला. डासांच्या अळ्या गोळा करून आणणारी माणसे तिसऱ्या प्रकारची. देणारा, पत्करणारा आणि आणणारा यांना एक नाव दिले की संमतीचा प्रश्न आपोआप झाकला जातो. साहेबाच्या हाताखालील डोलीवाल्याने नकार दिला असता तर काय झाले असते, हे कोणत्याही नोंदीवरून कळण्यासारखे नाही.

अमिताव घोष यांच्या ‘द कलकत्ता क्रोमोसोम’ या कादंबरीने (१९९७ चे आर्थर सी. क्लार्क पारितोषिक) हीच रिकामी जागा कल्पनेने भरली. तीत झाडूवाली मंगला आणि लछमन हेच गुप्तपणे शोधाची सूत्रे हलवितात, आणि रॉस त्यांच्या हातचे बाहुले ठरतात. कादंबरीचा हा डाव वाचकास सुखावतो, तिची रचनाही चतुर आहे. तथापि येथे थोडे थांबले पाहिजे. ज्यांची दखल घेतली गेली नाही त्यांना सर्वज्ञ केल्याने त्यांना न्याय मिळतोच असे नाही. गूढ शक्तीचे श्रेय दिले की साध्या निरीक्षणाचे श्रेय पुन्हा हिरावले जाते. रॉस डासांना करडा, पट्टेदार, ठिपकेदार पंखांचा अशी रंगरूपावरून नावे देत होते. ॲनॉफिलीस आणि क्यूलेक्स ही नावे त्यांच्या हाताशी नव्हती. असिस्टंटने दाखविले ते रूप नव्हे, बसण्याची ढब होती. क्यूलेक्स भिंतीशी समांतर बसतो, ॲनॉफिलीस तिरका, हा भेद आज कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यास आरंभीच शिकवितात. नोकरीच्या वेळेत भिंतीकडे नीट पाहणाऱ्या अशा मनुष्यास आत्मवृत्तात एक वाक्य तरी मिळाले. कादंबरीच्या कटकारस्थानात त्याला जागाच उरलेली नाही.