चौकटीबाहेरचा ओढा

कात्रजचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी कोसळू लागते आणि पुण्यातील कॅमेरे तिकडे वळतात. या छायाचित्रांत पाणी दुधासारखे असते, डोंगर हिरवा असतो आणि माणूस बहुधा नसतोच. छायाचित्रे देखणी आहेत, हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप त्यांच्या चौकटीला आहे.

हेच पाणी आंबिल ओढा होऊन पर्वतीच्या पायथ्याजवळून दांडेकर पुलाच्या वस्तीत येते आणि मुठेला मिळते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून नळाने शहरातील हौदांत पाणी आणले. त्या बांधकामाचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पण पाणी शहरात आले म्हणून ते सर्वांचे झाले काय? तसे असते तर १८६८ साली जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला नसता. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी मंदिरप्रवेशासाठी निघालेल्या सत्याग्रहींनी दगड झेलले, तेही याच पर्वतीवर.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढा फुगला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे मेली. २४ जून २०२१ रोजी ओढ्याकाठची घरे भर पावसाळ्यात पाडली जाऊ लागली; त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली, पण तोवर अनेकांचे संसार उघड्यावर पडले होते. तेव्हाही कॅमेरे आले. ती छायाचित्रे बातमी ठरली आणि रद्दीत गेली. धबधब्याचे छायाचित्र मात्र कला ठरून भिंतीवर टांगले जाते. पाणी एकच, वर ते सौंदर्य, खाली ती आपत्ती! ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. ज्याचे घर ओढ्यात नाही, त्याच्या नजरेने ती केली आहे.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर कॅमेरा रोखला आणि प्रस्थापित अभिरुचीने ज्यांना चौकटीबाहेर ठेवले होते ती माणसे मध्यभागी आणली. आंबिल ओढा अशा नजरेची वाट पाहतो आहे. आज वस्तीतल्या मुलामुलींच्या हातातही कॅमेरा आहे. त्यांनी कात्रजचा धबधबा जरूर टिपावा. पण तेथे न थांबता पाण्याबरोबर आपल्या दारापर्यंत उतरावे. त्या छायाचित्रमालेत धबधबा हे पहिले चित्र असेल, शेवटचे नव्हे.