दिवसा पाहिलेले कंदील

ज्याला स्वतःला काही करता येत नाही त्याला परीक्षक नेमावं, ही पद्धत साहित्यात फार जुनी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांत ती जरा उशिरा आली, इतकंच. गेल्या वर्षी नवरात्रात आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "यंदा दिवाळीला घरगुती आकाशकंदील स्पर्धा ठेवतोय. परीक्षक म्हणून तुमचं नाव बोर्डावर लावून टाकलंय."

"माझंच का?" मी विचारलं.

"तुम्ही स्वतः कंदील करून भाग घ्याल, अशी भीती नाही ना!"

माझ्या निःपक्षपातीपणाचं इतकं रोखठोक प्रमाणपत्र मला आजवर कुणी दिलेलं नाही. शिवाय बँकेत असताना आमच्या हाउस मॅगझिनमध्ये मी नाटकांची परीक्षणं लिहीत असे, ही गोष्ट मीच कधीतरी गच्चीवरच्या कोजागरीत सांगून ठेवली होती. माणसानं मसाला दूध पिऊन आपल्या पूर्वायुष्याबद्दल बोलू नये.

नियमावली सेक्रेटरींनी स्वतः तयार केली होती. कंदील घरी केलेला हवा, बाजारचा चालणार नाही. थर्माकोल नको, राज्यात २०१८ साली त्यावर बंदी आलेली आहे, आणि सेक्रेटरी कायद्याला घाबरून असतात. गुण तीन गोष्टींना : कल्पकता, सफाई आणि पर्यावरण. प्रत्येकी दहा. परीक्षण दिवाळीच्या आदल्या रविवारी सकाळी अकरा वाजता, खालच्या पार्किंगमध्ये. मी नियमावली दोनदा वाचली आणि मला तीत काहीही चूक दिसली नाही. हे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढं ते माझ्या अंगावर येणार आहे.

रविवारी दोन मोटारींच्या मधे कपडे वाळत घालायची दोरी बांधून तिच्यावर एकोणीस कंदील टांगले होते. मी हातात पॅड आणि चेहऱ्यावर गांभीर्य घेऊन फिरू लागलो. नाटकाच्या परीक्षणाची सवय उपयोगी पडली. तिथंही पहिल्या अंकात काही कळत नसलं तरी वहीत लिहीत राहायचं असतं.

पहिला कंदील आइस्क्रीमच्या काड्यांचा होता. दोनशे काड्या. "एवढं आइस्क्रीम खाल्लंत?" असं मी कौतुकानं विचारलं. "छे हो, काड्या ऑनलाइन मागवल्या," वहिनी म्हणाल्या. दुसरा कागदी कपांचा चेंडू, एकाला एक स्टेपल केलेला. कप कोरे होते, म्हणजे कुणी त्यातून चहासुद्धा प्यायलं नव्हतं. मी दोघांनाही 'पर्यावरण' ह्या सदरात आठ-आठ दिले, ह्याबद्दल पृथ्वीनं मला क्षमा करावी. तिसरा दोऱ्याचा : फुगा फुगवून त्यावर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेला दोरा गुंडाळायचा, वाळला की फुगा फोडायचा. ही युक्ती मला आवडली. कंदील करताना निदान एक फटाका तरी वाजतो.

ए विंगमधल्या एका हौशी गृहस्थांनी फिरता कंदील केला होता. आतल्या नळकांड्यावर हत्ती, घोडे, पालखी कातरून चिकटवलेले, वर कागदी पात्यांचं चक्र. दिवा लागला की हत्ती-घोडे बाहेरच्या कागदावर सावल्या टाकत मिरवत निघायचे. त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. हत्ती जागचा हलला नाही. गृहस्थांनी फुंकर मारली. हत्ती अर्धं पाऊल पुढं गेला आणि परत आला. "आमच्या लहानपणी हेच फिरायचं हो," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. आणि ते खरं होतं. फिरता कंदील उजेडावर चालत नाही, उष्णतेवर चालतो. जुना चाळीसचा बल्ब किंवा मेणबत्ती आतली हवा तापवते, ती वर चढते आणि चक्र फिरवते. ह्यांनी लावला होता एलईडी. तो तापेल कशाला? विजेची बचत झाली, पालखी मात्र अडली. शेवटी त्यांची मुलगी बोटानं चक्र फिरवत उभी राहिली आणि मी कल्पकतेला नऊ दिले.

मग आलं चांद्रयान. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते चंद्रावर उतरलं, तेव्हापासून दर दिवाळीला कुणाच्या ना कुणाच्या गॅलरीतही उतरतं. सी विंगमधल्या एका बारा वर्षांच्या मुलानं हे केलं होतं, म्हणजे त्याचे वडील आर्किटेक्ट आहेत. जाड पुठ्ठा, त्यावर चंदेरी कागद, पाय, अँटेना, बाजूला तिरंगा. एक कड वाकडी असेल तर शपथ! मी सफाईला दहापैकी दहा दिले आणि तिथंच मनातल्या मनात पहिला नंबर लावून टाकला.

रांगेत शेवटी, खांबाच्या आडोशाला, तळमजल्यावरच्या आजोबांचा कंदील होता. आजोबा रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. हात आता थरथरतो. कंदील आपला नेहमीचा : बांबूच्या कामट्या, लाल-पिवळा पतंगी कागद, कोपऱ्यांवर सोनेरी करंज्या, खाली झिरमिळ्या. पण कागदाला सुरकुत्या पडलेल्या. दोन ठिकाणी लाल कागदावर लाल कागद चढलेला. करंज्या एक मोठी, एक लहान, गणंग सुनेनं केल्यासारख्या. आणि एकूण सगळा प्रकार डावीकडे कललेला. कल्पकता चार, सफाई तीन.

आजोबांनी अदबीनं विचारलं, "सफाईत कुठं कमी पडलो म्हणता?"

आणि मी, ज्यानं गेल्या चाळीस वर्षांत एक कामटी वाकवलेली नाही, त्यांना कोपरे जुळणं, कागद ताणून लावणं, समतोल साधणं ह्यावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. ते "बरं, बरं" म्हणत ऐकत होते. नंतर त्यांनी कंदील दोरीवरून काढला, झिरमिळ्या चुरगळू नयेत म्हणून हातावर गोळा केल्या, आणि घरी घेऊन गेले.

माझं बालपण घाटकोपरच्या पंतनगरात गेलं, हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत. तिथं कंदील विकत आणणं हे फराळ विकत आणण्याइतकंच लाजिरवाणं होतं. वडील बुरुडाकडून कामट्या आणायचे, पाण्यात भिजत घालायचे, दोऱ्यानं चौकोन बांधायचे, चौकोनाला चौकोन. आई गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची आणि झुरळांनी कंदील खाऊ नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकायची. वडील कंदील 'करायचे' असं आम्ही म्हणायचो, पण त्या क्रियापदात बारा आणे 'धरणं' असतं, आणि ते आमच्या वाट्याला. एक टोक ताई धरायची, एक मी. "नीट धर! हललास!" शेजाऱ्यांना आमच्या घरात दिवाळी जवळ आल्याचं ह्या ओरड्यावरून कळायचं. झिरमिळ्या कापायचं काम माझ्याकडे, कारण वडिलांनी कात्री हातात घेतली की कागद मुडपून निघायचा. कात्री आईच्या शिवणाच्या मशीनची. तिनं कागद कापला की धार जाते, हे आई दर वर्षी सांगायची, आणि दर वर्षी धार जायची.

वडिलांच्या कंदिलाला सफाईत मी किती गुण दिले असते? चार. फार तर साडेचार, बाप म्हणून.

तर निकाल लागला. चांद्रयान पहिलं, फिरता-न-फिरता कंदील दुसरा, आइस्क्रीमच्या काड्या तिसऱ्या. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी हिनं मला उटणं आणायला नवघर रोडला पिटाळलं. येताना गेटाशी सहज मान वर केली, तर सगळ्या गॅलऱ्यांतून माझेच एकोणीस आरोपी टांगलेले होते. फरक एवढाच, की आता त्यांच्या आत दिवे होते.

चांद्रयान दिसेचना. नीट पाहिलं तेव्हा सी विंगच्या चौथ्या मजल्यावर एक काळा खोका लटकताना दिसला. पुठ्ठ्याच्या फटीतून उजेडाची एक रेघ बाहेर येत होती, बंद दुकानाच्या शटरखालून येते तशी. ते बिचारं चंद्राच्या अंधाऱ्या बाजूला उतरलं होतं. काड्यांचा कंदील म्हणजे दिव्याला झालेली सक्तमजुरी. कप तेवढे फिक्कट उजळले होते. दोऱ्याचा चेंडू मात्र चक्क छान दिसत होता. त्यानं मागच्या भिंतीवर जाळीदार सावली टाकली होती. मी त्याला सतरावा नंबर दिला होता.

आणि तळमजल्यावर एक लाल-पिवळा कंदील. सुरकुत्या उजेडानं गिळून टाकल्या होत्या. जिथं लाल कागदावर लाल चढला होता तिथं गडद काठ दिसत होता, जरीच्या लुगड्याला असतो तसा. डावीकडचा कल कळायला कंदील स्थिर तर हवा. तो वाऱ्यानं हळूहळू फिरत होता आणि झिरमिळ्या सळसळत होत्या.

मी उटण्याची पुडी घेऊन तिथं उभा राहिलो आणि मला माझी चूक समजली. आम्ही एकोणीस कंदील पाहिले आणि दिव्याला एक गुणसुद्धा ठेवला नव्हता. नाटकाचं परीक्षण मी तालमीला न जाता, पडदा न उघडता, नुसता पडद्याचा कपडा चाचपून केलं होतं.

घरगुती वस्तूंचं आपण हल्ली जे कौतुक करतो त्याबद्दल मला तक्रार आहे ती इथंच. हातानं केली म्हणजे वस्तू चांगली होत नाही. माहीमच्या कंदील गल्लीत मिळणारे कंदीलही हातानंच केलेले असतात. ते हात आपले नसतात म्हणून स्पर्धेत बाद, हा कुठला न्याय? आणि आइस्क्रीमच्या काड्या चिकटवणाऱ्यानं हात वापरला, पण रात्र डोक्यात घेतली नाही. जुन्या कंदिलाचं सामान कुणी गरिबीतून निवडलं असेल, तरी अक्कल लावून निवडलेलं आहे. कामटी बारीक असते, म्हणून सावली कमी पडते. कागद पातळ, म्हणून उजेड बाहेर येतो. वसईकडे नाताळात जे तारे लागतात त्यांच्यात ह्याच कामट्या आणि हाच कागद. तिकडे फिलिपाईन्समध्ये नाताळातच 'पारोल' म्हणून तारा लावतात, तोही मुळात बांबू आणि कागदाचाच. ह्या लोकांनी एकमेकांना विचारून काही ठरवलं नसणार. दिवा मधे ठेवून ज्यानं ज्यानं विचार केला, तो तिथंच येऊन पोचला.

आणि हे टांगायचं कुणासाठी? आपल्या धर्मग्रंथांत कार्तिकात आकाशदीप लावायला सांगितलं आहे, तो पितरांसाठी. काशीला अजूनही कार्तिकभर गंगेच्या घाटांवर उंच बांबूंवर टोपल्या चढवून त्यांत दिवे ठेवतात, गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. म्हणजे मूळचे परीक्षक वरून बघणारे, आणि रात्रीचे. त्यांना सफाई कुठून दिसणार!

मी तडक सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, "आता निकाल बदलता यायचा नाही. मिक्सर देऊन झाला. वाटल्यास वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय मांडा." आमच्या त्या सभेत गेली सहा वर्षं पाण्याच्या टाकीचा विषय चालू आहे. मी आजोबांची बेल वाजवली.

"तुम्हाला सफाईत तीन दिले ते चुकलं," मी दारातच म्हणालो.

"तीन बरोबर होते," आजोबा म्हणाले. "हात हलतो माझा. पण दिवा लावून बघाल असं वाटलं होतं."

ह्यावर काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी भलतंच बोललो. "आमच्या माळ्यावर एक सांगाडा आहे. वडिलांचा."

वडील १९८४ च्या श्रावणात गेले. त्या दिवाळीत आमच्याकडे कंदील लागला नाही, फराळ शेजाऱ्यांनी दिला. पुढच्या वर्षी आईनं बाजारातून प्लॅस्टिकचा आणला, आणि कुणी काही बोललं नाही. वडील कागद दर वर्षी बदलत, सांगाडा तोच ठेवत. तो घाटकोपरहून मुलुंडला आमच्याबरोबर टेंपोत आला. दर दिवाळीच्या साफसफाईत ही विचारते, "हे टाकू का?" मी म्हणतो, "राहू दे." आमच्या संसारात एवढं सातत्य दुसऱ्या कुठल्या संवादाला नाही.

पाडव्याच्या दुपारी मी तो खाली घेऊन गेलो. उशीर झाला होता, पण आजोबा म्हणाले, तुळशीचं लग्न व्हायचंय, त्रिपुरी पौर्णिमा व्हायचीय, कंदिलाला वेळच वेळ. कामट्यांवर जुन्या कागदांच्या चिंध्या चिकटलेल्या होत्या, हिरव्याखाली लाल, लालखाली निळा. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून गाठी तपासल्या. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस. एक गाठ पाहिली, दुसरी पाहिली, सांगाडा उलटा केला.

"वडील डावखुरे होते?"

"छे. उजव्या हातानं लिहायचे, उजव्यानं जेवायचे."

"दोरा सगळा उलटा गुंडाळलाय," आजोबा म्हणाले. "डाव्या हाताचं काम आहे हे."

मी तिथूनच डोंबिवलीला ताईला फोन लावला. "तुला माहीत नाही?" ती म्हणाली. "शाळेत मास्तरांनी त्यांचा डावा हात बाकाला बांधून ठेवला होता म्हणे, उजव्यानं लिहायची सवय लागेपर्यंत. आई सांगायची. कात्री म्हणूनच तर जमायची नाही त्यांना, ते आपलं हौसेनं डाव्या हातात घ्यायचे. घरातल्या घरात."

मला इतकी वर्षं वाटत होतं, झिरमिळ्या मी चांगल्या कापतो म्हणून ते माझ्याकडे देत.

फोन ठेवला तोवर आजोबांच्या सुनेनं खळ शिजवून आणली होती. मोरचूद तिनं घातला नव्हता, नातू लहान आहे म्हणून. आजोबांनी लाल कागद उलगडला, त्याची एक कड माझ्याकडे सरकवली आणि थरथरत्या हातानं दुसऱ्या कडेला खळ लावायला घेतली.

"परीक्षकसाहेब," ते म्हणाले, "धरा. नीट धरा हो, हलताय."