श्रद्धा, सदसद्विवेक आणि प्रजननविषयक न्याय : अमेरिकेतील राज्य कायद्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेतील गर्भपातविषयक वाद हा धर्म विरुद्ध स्त्रीचे हक्क असा संघर्ष आहे, अशी मांडणी सर्रास केली जाते. इतिहास या मांडणीला दुजोरा देत नाही. राज्यांचे कठोर कायदे बदलावेत म्हणून झटणाऱ्यांमध्ये प्रॉटेस्टंट पाद्री आणि ज्यू रब्बी आरंभापासून होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी डॉब्ज खटल्याच्या निकालाने १९७३ च्या रो निकालाचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले. त्यामुळे हा प्रश्न पुन्हा राज्यांच्या विधिमंडळांकडे आला आणि श्रद्धेवर आधारलेल्या युक्तिवादालाही नव्याने महत्त्व प्राप्त झाले. या युक्तिवादाच्या दोन भाषा आहेत : एक सदसद्विवेकाची, दुसरी न्यायाची. त्या एकमेकींना पूरक मानल्या जातात. परंतु त्यांची फलिते भिन्न आहेत. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सदसद्विवेकाची भाषा

मे १९६७ मध्ये न्यूयॉर्क येथील जडसन मेमोरियल चर्चचे पाद्री हॉवर्ड मूडी यांच्या पुढाकाराने २१ पाद्री व रब्बी यांनी गर्भपातासाठी सल्ला देणारी सेवा जाहीरपणे सुरू केली. त्या काळी राज्याच्या कायद्यानुसार स्त्रीच्या जिवाला धोका असेल तरच गर्भपात करता येत असे. अडचणीतील स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेणे आणि त्यांना सुरक्षित वैद्यकापर्यंत पोहोचविणे, हे या सेवेचे कार्य होते. श्रद्धावंतांमध्येच या प्रश्नावर मतभेद असताना शासनाने एकाच पंथाचा सिद्धान्त सर्वांवर लादू नये, अशी या विचाराची बैठक होती. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने २४ आठवड्यांपर्यंतचा गर्भपात वैध ठरविला. १९७२ मध्ये तेच विधिमंडळ कायदा रद्द करावयास निघाले, तेव्हा गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या नकाराधिकारामुळे तो वाचला. विधिमंडळात मिळविलेला हक्क किती अस्थिर असतो, याचे हे उदाहरण होय.

या भाषेचे सामर्थ्य निर्विवाद आहे. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ती शासनाकडे एवढेच मागते की त्याने मध्ये पडू नये. हीच मागणी विरोधकांनाही करता येते. १९७३ मध्ये संसदेने संमत केलेल्या चर्च दुरुस्तीने (हे नाव सिनेटर फ्रँक चर्च यांच्यावरून पडले) धार्मिक वा नैतिक कारणास्तव गर्भपात व नसबंदी नाकारणाऱ्या डॉक्टरांना आणि रुग्णालयांना संरक्षण दिले. तत्त्व एकच होते, लाभार्थी बदलले. पुढे १९७६ च्या हाइड दुरुस्तीने गरिबांच्या सरकारी वैद्यकीय योजनेतून गर्भपाताच्या खर्चाला मिळणारा केंद्रीय निधी जवळजवळ बंद केला. तिला आव्हान देणाऱ्यांत युनायटेड मेथडिस्ट चर्चचा महिला विभागही होता. १९८० च्या हॅरिस विरुद्ध मॅक्रे निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. हक्क असला, तरी तो बजावण्याचा खर्च उचलणे शासनावर बंधनकारक नाही, असा त्याचा अर्थ झाला. ‘मध्ये पडू नका’ एवढेच सांगणाऱ्या विचाराजवळ याला पुरेसे उत्तर नव्हते.

न्यायाची भाषा

हे उत्तर १९९४ मध्ये शिकागो येथे एकत्र आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी दिले. मूल न होऊ देण्याचा हक्क, मूल होऊ देण्याचा हक्क आणि झालेले मूल सुरक्षित परिस्थितीत वाढविण्याचा हक्क हे तिन्ही अविभाज्य आहेत, अशी मांडणी ‘प्रजननविषयक न्याय’ या संकल्पनेतून पुढे आली. दुसऱ्या हक्कामागे सक्तीच्या नसबंदीचा इतिहास उभा आहे. व्हर्जिनियाने १९२४ मध्ये तसा कायदा केला आणि १९२७ च्या बक विरुद्ध बेल निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या राज्यात हजारो व्यक्ती या कायद्याच्या बळी ठरल्या.

२०१५ मध्ये व्हर्जिनियाने हयात पीडितांना प्रत्येकी २५,००० डॉलर भरपाई मंजूर केली. त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत ख्रिश्चन लॉ इन्स्टिट्यूट ही ख्रिस्ती संस्था होती. विधिमंडळात डेमोक्रॅटिक पॅट्रिक होप यांच्यासमवेत गर्भपाताचे कट्टर विरोधक रिपब्लिकन रॉबर्ट मार्शलही होते. गर्भपाताविषयी टोकाचे मतभेद असणारे येथे एकत्र येऊ शकले, कारण प्रश्न शासनाने केलेल्या अन्यायाच्या परिमार्जनाचा होता. श्रद्धाधिष्ठित प्रयत्नांचा विचार केवळ गर्भपाताच्या अंगाने करणाऱ्या अभ्यासात ही घटना निसटते, ही त्या अभ्यासाची उणीव म्हणावी लागेल.

डॉब्जनंतरची स्थिती

२०२२ नंतर मात्र सदसद्विवेकाचीच भाषा पुन्हा अग्रभागी आली. जन्मापूर्वी मातेच्या जिवाला अग्रक्रम देणारी ज्यू धर्मशास्त्राची परंपरा पुढे करून इंडियानात एका ज्यू संघटनेने व काही स्त्रियांनी दावा दाखल केला. त्याचा आधार होता राज्याचा २०१५ चा धर्मस्वातंत्र्य कायदा, ज्याचा पुरस्कार त्या वेळी रूढीवादी ख्रिस्ती गटांनी केला होता. डिसेंबर २०२२ मध्ये मिळालेला मनाईहुकूम अपील न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये मूलतः कायम ठेवला. मिसुरीत निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंनी वेगळा मार्ग धरला. ईश्वर हा जीवनाचा कर्ता आहे, असे राज्याच्या कायद्यातच नमूद असल्याने तो धर्म आणि शासन यांची फारकत मोडतो, असा त्यांचा दावा होता. जून २०२४ मध्ये तो फेटाळला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील मतदारांनी घटनादुरुस्तीद्वारे गर्भपाताचा हक्क मान्य केला.

इंडियानातील यश लहान नाही. तथापि मनाईहुकुमाचे संरक्षण ज्यांची श्रद्धा गर्भपाताची अनुज्ञा देते, अशांपुरतेच आहे. जिची अडचण दारिद्र्याची वा आजाराची आहे आणि जिला त्यासाठी धर्मवचनाचा दाखला देता येत नाही, ती स्त्री बाहेरच राहते. श्रद्धेच्या नावाने मिळविलेली सूट अशा रीतीने श्रद्धावंतांचा विशेषाधिकार ठरण्याचा धोका आहे.

निष्कर्ष

सदसद्विवेकाचा युक्तिवाद न्यायालयात लवकर ऐकला जातो, म्हणून तो टाकून देणे व्यवहार्य नाही. परंतु त्यातून मुख्यतः अपवाद निर्माण होतात. सर्वांसाठी तरतूद निर्माण होत नाही. दवाखाना, प्रवासखर्च, प्रसूतिसेवा आणि भरपाई या गोष्टी राज्याच्या अंदाजपत्रकातूनच येतात व त्यासाठी न्यायाची भाषा बोलावी लागते. १९६७ च्या धर्मगुरूंनी समोर आलेल्या स्त्रीला तिची श्रद्धा कोणती, हे विचारून मदत केली नव्हती. त्यांच्या वारशाचा दावा करणाऱ्या आजच्या प्रयत्नांची कसोटीही हीच असली पाहिजे.