पुड्याची मागची बाजू

कर्जत हा रब्बी ज्वारीचा तालुका. इथल्या किराणा दुकानांत टांगलेले ‘मल्टिग्रेन’ बिस्किटांचे पुडे मी उलटून वाचतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेत असा नियम आहे. म्हणजे पुढच्या बाजूला कणसे कितीही डोलोत, यादीत पहिला मैदा आणि पाठोपाठ साखर असेल तर निकाल लागला. पण यादी इंग्रजी किंवा हिंदीत असली की कायदा भागतो. मराठीची सक्ती नाही. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे आपला मैदाच, हे आजीने कसे ओळखावे?

केंद्रीय अन्न प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात पुड्यावर तारे सुचवले. मला ते पटत नाहीत. साखरेने गेलेले गुण तंतू-प्रथिनांनी भरून निघतात. मधुमेह्याला ही सरासरी काय कामाची? चिलीने २०१६ पासून काळा अष्टकोन छापायला लावला: साखर जास्त. विषय संपला. आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासारखी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितली, कारण कायद्यात तशी व्याख्याच नाही. पाटी बदलली, डब्यातल्या साखरेला त्या आदेशाने हात लावला नाही. आणि कंपन्यांनी ‘साखर जास्त’ हे दोन शब्द स्वतःहून मराठीत छापायचे म्हटले, तर आजच्या नियमातही त्याला आडकाठी नाही.