कापडी बुटांतला श्रीमंत: एका शोकाचं वाचन

शोकसंदेश हेसुद्धा लेखनच असतं. त्यात काय आहे आणि काय गाळलंय, हे पाहायलाच हवं, असं आम्हाला वाटतं. चीनमधलं एक उदाहरण घेऊ.

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी हांगचौमध्ये ‘वाहाहा’ या पेयकंपनीचे संस्थापक त्सोंग छिंगहौ वारले. १९८७ साली, बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी शाळेच्या छोट्या विक्रीकेंद्रातून सुरुवात केली. पुढे ते देशातले सर्वांत श्रीमंत झाले. लोकांनी मात्र आठवण काढली ती त्यांच्या कापडी बुटांची. पंचेचाळिशी ओलांडलेल्या कामगाराला ते घरी बसवत नसत, हेही पुन्हापुन्हा सांगितलं गेलं. श्रद्धांजली म्हणून वाहाहाचं पाणी धडाधड खपलं.

आता हा शोक नीट वाचा. पस्तिशीनंतर नोकरी मिळत नाही, ही चीनमधली जुनी तक्रार. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस राबायला मिळणं हे भाग्यच, असं ‘अलिबाबा’चे जॅक मा २०१९ साली म्हणाले आणि टीकेची झोड उठली. तिथे सरकारमान्य महासंघाबाहेर कामगार संघटना काढता येत नाही. मग जिवंत मालकाविरुद्धचं गाऱ्हाणं मेलेल्या मालकाच्या स्तुतीतून बाहेर पडतं. या शोकाचं बळ आहे ते इथेच.

आणि उणीवही इथेच आहे. काही दिवसांतच लोक ‘नोंगफू स्प्रिंग’चे चोंग शानशान यांच्यावर तुटून पडले. हे एकेकाळी वाहाहाचेच वितरक, तेव्हा देशातले सर्वांत श्रीमंत. पण आरोप कसले? बाटलीचं लाल झाकण जपानी झेंड्यासारखं दिसतं, मुलाकडे अमेरिकेचं नागरिकत्व आहे! शेअर घसरला. पगार, कामाचे तास, कामगाराचं वय हे प्रश्न मात्र राष्ट्रभक्तीच्या गलक्यात बुडाले.

जुलै २०२५ मध्ये आपण त्सोंग यांचीच मुलं असल्याचा दावा करणारे तिघे न्यायालयात गेल्याची बातमी आली. वाद होता हाँगकाँगमधल्या सुमारे १८० कोटी डॉलरच्या खात्यावर. साध्या, कुटुंबवत्सल शेठजींच्या प्रतिमेला तडा गेला आणि कालचे शोक करणारेच चिडले.

आम्हाला तो माणूस चांगला की वाईट, याच्याशी कर्तव्य नाही. मुद्दा असा, की पंचेचाळिशीतल्या कामगाराची भाकरी मालकाच्या स्वभावावर टांगलेली असेल, तर मालक गेल्यावर रडण्यापलीकडे त्याच्या हाती काय उरतं? या शोकानं तो प्रश्न ओठांपर्यंत आणला, पण विचारला नाही.