शेवटच्या रात्रीपूर्वी

मालिकेतले शेवटचे पुस्तक हाती आले की वाचकांचे दोन पंथ पडतात. एक पंथ तत्काळ शेवट गाठतो. दुसरा ते पुस्तक बाजूला ठेवून पहिल्या भागापासून पुन्हा आरंभ करतो. २००७ साली हॅरी पॉटरचा सातवा भाग निघाला, तेव्हा आधीचे सहा पुन्हा वाचून मगच त्याला हात लावणारी मुले पुष्कळ होती. वडीलधाऱ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटला असेल; पण ज्या घरांत पोथीचे पारायण होते तेथे तरी त्या मुलांना कोणी हसू नये. शेवट ठाऊक असूनही पारायण करणारा दरवर्षी पहिल्या अध्यायापासूनच बसतो, आणि त्याला काही नवे गवसतेच.

माझी निष्ठा या दुसऱ्या पंथावर. गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या 'अरेबियन नाइट्स'च्या खंडांपैकी, हजार-एकावी रात्र ज्यात येते तो मी बरीच वर्षे राखून ठेवला होता. हा ग्रंथ संपूर्ण वाचणारा जगत नाही, अशी एक जुनी समजूत सांगतात. तिच्यावर माझा विश्वास नाही; पण शेवट लांबवायला ती मोठी सोयीची. यंदा तो खंड उघडायचे ठरवले, आणि आधी मागच्यांची उजळणी केली.

चंदनसारला राहणाऱ्याला हा ग्रंथ परका वाटण्याचे कारण नाही. आमच्या शेजारचे सोपारे अरब भूगोलकारांना 'सुबारा' म्हणून ठाऊक होते. बगदादचा प्रवासी अल्-मसूदी इ. स. ९१५-१६ च्या सुमारास खाली चौलला येऊन गेला. आणि राजा व वजीरकन्या यांची कथा सांगणाऱ्या 'हजार अफसाना' या फार्सी ग्रंथाचा उल्लेख करणाऱ्या अगदी जुन्या लेखकांत त्याचीच गणना होते. म्हणजे या पुस्तकाचा एक आद्य साक्षीदार कोकणच्या किनाऱ्यावर वावरलेला आहे. गोष्टीच्या पोटात गोष्ट घालण्याची तऱ्हा तर पंचतंत्र आणि वेताळपंचविशी वाचलेल्यांना घरचीच. मराठीतही तिचा संसार जुना: कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेले भाषांतर पुत्र विष्णुशास्त्री आणि नंतर हरि कृष्ण दामले यांनी पुढे नेले. गोष्ट एका मुखाने संपत नाही, हे आपल्याकडेही खरे ठरले.

प्रथम वाचताना आपण सारे शहरियार बादशहाच्या बाजूला बसलेलो असतो. त्याच्यासारखीच आपलीही एकच विचारणा, 'पुढे काय झाले?' दुसऱ्या वाचनात ही उत्सुकता ओसरते आणि सांगणारीचा चेहरा दिसू लागतो. मग ध्यानात येते की शहराजादने आरंभीच्या गोष्टी सहज निवडलेल्या नाहीत. पहिलीच घ्या. एका व्यापाऱ्याला जिन मारू पाहतो. तीन वृद्ध येतात आणि एकेक अद्भुत हकीकत सांगून त्याच्या रक्ताचा एकेक तृतीयांश सोडवून घेतात. गोष्ट देऊन प्राण विकत घेता येतो, हा दाखलाच ती न्यायाधीशापुढे ठेवते आहे! पुढे कोळ्याच्या कथेत हकीम दुबान येतो. त्याने ज्याला बरे केले तोच राजा त्याचा शिरच्छेद करवतो. पण त्याने दिलेल्या ग्रंथाची चिकटलेली पाने थुंकीने सोडवताना राजाला विष चढते. कृतघ्न राजाची ही कथा सिंहासनासमोर बसून सांगायला केवढे धैर्य हवे! पहिल्या वाचनात मला यातले विष तेवढे दिसले होते.

अशी तयारी करून मी शेवटच्या रात्रीपाशी आलो. शहराजाद आपली तीन मुले पुढे आणते आणि त्यांच्यासाठी जीवदान मागते. बादशहा म्हणतो, मी तुला यापूर्वीच क्षमा केली होती. टीकाकाराने येथे थांबून विचारले पाहिजे: मग बोलला का नाहीस? ती रात्रीमागून रात्र मरणाच्या छायेत बसली असताना क्षमा मनात ठेवून गोष्टी ऐकत राहणे, हा कसला न्याय? तीन वर्षे ज्या लेकी मारल्या गेल्या, त्यांच्याविषयीचा पश्चात्तापही वजिराशी बोलताना एका वाक्यात उरकला जातो. हजार रात्रींच्या शिकवणुकीला हे फळ अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु लगेच पुढे एक प्रसंग आहे. शेवटाकडे धावणारा वाचक तो मंगलाष्टकांच्या गडबडीत हरवतो. बादशहाचा भाऊ शाहजमान, तोही तसाच स्त्रीघातकी, शहराजादची धाकटी बहीण दुन्याजाद हिला मागणी घालतो. शहराजाद अट घालते: त्याने येथेच राहावे, कारण बहिणीचा वियोग मला क्षणभरही सोसणार नाही. अट मान्य होते. शाहजमान समरकंदचे राज्य सोडतो, ते वजिराला मिळते, आणि दोघे भाऊ पाळीपाळीने राज्य करू लागतात.

पहिल्या रात्रीची उजळणी केलेल्यालाच या अटीचे मोल कळते. पलंगाच्या पायथ्याशी बसून 'ताई, एखादी गोष्ट सांग' म्हणणारी दुन्याजादच होती. ती बोलली नसती तर गोष्टच सुरू झाली नसती. तिने विचारायचे आणि हिने सांगायचे, हा बेत दोघींनी आधीच आखलेला होता. तेव्हा या ग्रंथाचा गाभा दोन बहिणींचा कट आहे, आणि तो ज्या मागणीने तडीस जातो तिने एका राजाला गादीवरून उठवले. जीवदान बादशहाने दिले असेल. सहवास त्यांनी मिळवला.

आता या शेवटाच्या प्रामाण्याविषयी. फ्रेंच पंडित गालांने जे जुने हस्तलिखित वापरले त्यात जेमतेम २८२ रात्री आहेत आणि ते मध्येच तुटते. मुहसिन महदी यांनी १९८४ साली त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. गालांचे बारा भाग १७०४ पासून निघत राहिले. १७१५ मध्ये तो वारला आणि शेवटचे दोन १७१७ साली आले. अल्लाउद्दीन आणि अलीबाबा तर त्याला अलेप्पोच्या हन्ना दियाबने तोंडी सांगितलेले. 'हजार-एक' हे वचन लोकांनी खरे मानले, म्हणून नंतरच्यांना ते पुरे करावे लागले. शेवट कोणा उत्तरकालीन लेखणीचा असेल. पण ज्याने ती बहिणीची अट लिहिली त्याने पहिली रात्र लक्षपूर्वक वाचलेली होती, एवढे निश्चित.

बर्टनचा पाठ प्रौढांसाठी आहे, मुलांच्या हाती सरसकट देऊ नये. घरात मोठ्यांनी तो वाचावा आणि निवडून सांगावा. सांगताना आधी एखाद्या धाकटीला मात्र 'गोष्ट सांग' असे म्हणू द्यावे.